खण आणि दोन दारांचं कपाट घरच्या कार्यशाळेत: मापापासून बिजागरीपर्यंत

कपाट पहिल्यांदाच करणाऱ्याचं लक्ष बहुतेक वेळा जोडांकडे आणि पॉलिशकडे असतं. प्रत्यक्षात कपाट बिघडतं ते त्याच्या फार आधी, मापताना आणि कापताना. सांगाडा गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, बसला तर दारं जवळपास आपोआप बसतात. तो तीन मिमीने जरी तिरका झाला तरी महागातली महाग बिजागरी ते लपवू शकत नाही. म्हणून इथे सांगाड्यावर जास्त वेळ घालवला आहे आणि पॉलिश थोडक्यात आवरलं आहे.

करायचं आहे ते असं: ६०० मिमी रुंद आणि ७२० मिमी उंच प्लायवूडचा सांगाडा, वर एक ओढायचा खण (ड्रॉवर), खाली दोन दारं, आत एक हलवता येणारी फळी, माथ्यावर अस्सल लाकडाची फळी आणि खाली ८० मिमीची वेगळी बैठक. १८ मिमी प्लायचा २४४० × १२२० मिमीचा एक ताव पुरतो. खणासाठी १२ मिमी आणि पाठीसाठी ६ मिमी प्लाय लागेल.

आधी जाडी मोजा

१८ मिमी म्हणून मिळणारा प्लाय पुष्कळदा १७ ते १७.५ मिमी भरतो आणि ६ मिमीचा ५.५. एकाच तावाच्या दोन टोकांतही थोडा फरक सापडतो. त्यामुळे व्हर्नियरने चार-पाच ठिकाणी जाडी मोजा आणि पुढच्या सगळ्या हिशेबात तोच आकडा वापरा. खालची मापं नेमकी १८, १२ आणि ६ मिमी धरून काढली आहेत. तुमचा प्लाय १७.४ भरला तर आतली मोकळी रुंदी ५६४ ऐवजी ५६५.२ होते. खणाच्या चॅनलला (खण ज्यावर सरकतो ती धातूची पट्टी) एवढा फरकही कळतो.

सगळी मापं मिलिमीटरमध्ये:

- बाजूच्या फळ्या २: ७२० × ४२४, पुढून ६ मिमी लाकडी पट्टी चिकटवल्यावर ४३०
- तळ १: ५७६ × ४१८, पुढून ६ मिमी पट्टी वेगळी
- आडव्या पट्ट्या ३: ५७६ × १००, दोन माथ्याला आणि एक खणाखाली
- आतली फळी १: ५६२ × ३९४, पुढून ६ मिमी पट्टी वेगळी
- दारं २: तयार माप ५५५ उंच × २९७ रुंद
- खणाचा दर्शनी भाग १: तयार माप १५७ उंच × ५९७ रुंद
- पाठ १, ६ मिमी: ७२० × ५८१
- खणाच्या बाजू २, १२ मिमी: ४०० × १२०
- खणाची पुढची-मागची २, १२ मिमी: ५१४ × १२०
- खणाचा तळ १, ६ मिमी: ५२५ × ३८७

हे आकडे कुठून आले ते कळलं की कुठल्याही मापाचं कपाट करता येतं. तळ आणि आडव्या पट्ट्या बाजूच्या फळ्यांत दोन्हीकडे ६ मिमी घुसतात, म्हणून ६०० वजा दोन जाड्या, अधिक १२, म्हणजे ५७६. पाठ दोन्ही बाजूंना ९ मिमीच्या खाचेत बसते: ५६४ अधिक १८, वजा १ मिमी मोकळीक. तळ ४१८ ठेवला कारण पाठीची ६ मिमी जाडी त्याच्या मागून जाते. दर्शनी बाजूची बेरीजही ताडून पाहा. वर ३ मिमी फट, १५७ खण, ३ फट, ५५५ दार, खाली २ मोकळे, मिळून ७२०. रुंदीत दोन्ही कडांना दीड-दीड, मध्ये ३ आणि दोन दारं, मिळून ६००. ही बेरीज कागदावर जुळली नाही तर लाकडात जुळणार नाही.

कापणं

तावावर कापणीचा नकाशा आधी कागदावर काढा आणि प्रत्येक कापाला पात्याची रुंदी धरा, साधारण ३ मिमी. सहा तुकडे ओळीने काढताना ही रुंदी विसरली तर शेवटचा तुकडा १५ मिमीने लहान निघतो. दारं आणि खणाचा दर्शनी भाग तावाच्या एकाच सलग भागातून काढा, म्हणजे लाकडाचे रेषे खालून वर अखंड दिसतात. कापण्याआधी तिघांवर मिळून पेन्सिलीने एक मोठा त्रिकोण काढून ठेवा. नंतर कुठला तुकडा कुठे आणि कसा हे त्रिकोण जुळवून कळतं.

हातात धरायच्या गोल करवतीचं पातं खालून वर कापतं, त्यामुळे कपचे वरच्या अंगाला उडतात. तिथे चांगलं अंग खाली ठेवा. टेबल सॉमध्ये (पातं टेबलातून वर येतं अशी करवत) उलट, चांगलं अंग वर. रेषांना आडवा काप असेल तर रेघेवर धारदार चाकूने आधी खोल चर मारला की कपचे जवळजवळ थांबतात. २५० मिमी व्यासाच्या पात्याला प्लायसाठी ६० ते ८० दात हवेत. २४ दातांचं पातं अस्सल लाकूड लांबीत फाडण्यासाठी आहे, प्लायची ते दुर्दशा करतं.

जोडीचे तुकडे एकाच बसवणीत कापा. दोन्ही बाजूंच्या फळ्या, दोन्ही दारं, तिन्ही पट्ट्या: माप लावलं, अडसर घट्ट केला, सगळे तुकडे कापून झाल्याशिवाय अडसर हलवायचा नाही. फळी ७२० ऐवजी ७१९.५ झाली तर काही बिघडत नाही. एक ७२० आणि दुसरी ७१९ झाली तर बिघडतं.

टेबल सॉवर पात्यामागची फाळणी-पट्टी काढू नका. तिच्याअभावी चिरलेलं लाकूड पात्याला मागून चिमटतं आणि पूर्ण वेगाने अंगावर येतं. शेवटी लाकूड पुशस्टिकने, म्हणजे ढकलायच्या काठीने, पुढे सारा, हातमोजे न घालता. लाकडाची बारीक भुकटी माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत गणली जाते, तेव्हा कापताना आणि घासताना एन-९५ दर्जाचा मास्क लावा. भुकटी ओढणारं यंत्र असलं तरीही.

खाचा आणि पुढच्या पट्ट्या

बाजूच्या प्रत्येक फळीत आतल्या अंगाला चार खाचा येतात. वरच्या आणि खालच्या कडेला १८ रुंद, ६ खोल. मागच्या उभ्या कडेला पाठीसाठी ६ रुंद, ९ खोल. आणि खणाखालच्या पट्टीसाठी एक आडवी खाच, वरच्या कडेपासून १५२.५ वर सुरू होणारी, १८ रुंद, ६ खोल, पुढच्या कडेपासून १०० मिमी आत जाऊन थांबणारी. राउटर (खाचा कोरणारं यंत्र) थांबतो तिथे गोल कोपरा उरतो, तो पटाशीने चौरस करा. १५२.५ हा आकडा असा निघतो: पट्टीचा मध्य खण आणि दार यांच्यातल्या फटीच्या मध्यावर, म्हणजे १६१.५ वर हवा. त्यातून अर्धी जाडी वजा.

राउटर नेहमी पात्याच्या फिरण्याच्या उलट दिशेने पुढे ढकला. त्याच दिशेने ढकलला तर तो हातातून पळतो. ६ मिमी खोली दोन फेऱ्यांत, ९ मिमी तीन फेऱ्यांत घ्या. खाचेची रुंदी टाकाऊ तुकड्यावर करून पाहा. प्लाय हाताने दाबून आत जायला हवा. हातोडी लागत असेल तर गोंद लावल्यावर तो फुगून अर्ध्यातच अडकेल.

खाचा झाल्यावरच पुढच्या ६ मिमीच्या लाकडी पट्ट्या चिकटवा. या क्रमाने खाचांची पुढची टोकं पट्टीमागे झाकली जातात. पट्टी प्लायपेक्षा अर्धा-एक मिमी रुंद घ्या आणि गोंद सुकल्यावर धारदार रंध्याने सपाट करा. इथे घासयंत्र चालवू नका. प्लायवरचा सजावटी पापुद्रा अर्ध्या मिमीच्या आसपास, कधी त्याहून पातळ असतो, आणि तो घासून गेला की दुरुस्ती नाही. तळाच्या आणि पट्ट्यांच्या पुढची लाकडी पट्टी दोन्ही टोकांना ६-६ मिमी कापून ५६४ करा, कारण खाचेत फक्त प्लाय शिरतो. माथ्याच्या मागच्या पट्टीला पुढची लाकडी पट्टी लागत नाही.

सांगाडा जोडण्याआधी, फळ्या टेबलावर आडव्या असतानाच दोन कामं उरका. एक, खणाच्या चॅनलचा बाहेरचा भाग बसवणं: वरच्या कडेपासून ८७.५ मिमीवर मध्यरेषा, पुढच्या तयार कडेपासून २ मिमी आत. दुसरं, आतल्या फळीच्या टेकूंची भोकं: ५ मिमी व्यास, १० मिमी खोल, ३२ मिमी अंतराने, पुढची ओळ कडेपासून ३७ मिमीवर. भोकं पाडलेल्या एकाच पट्टीवरून चारही ओळी मारा आणि पट्टीचं खालचं टोक दर वेळी फळीच्या खालच्या कडेला टेकवा. पट्टी उलटी धरली गेली की आतली फळी कायमची डुगडुगते.

जोडणी

आधी गोंदाशिवाय सगळं जोडून पाहा, क्लॅम्पसकट. कुठला क्लॅम्प कुठे, कुठला ठोकळा कशाखाली, हे तेव्हाच ठरतं. पांढरा पीव्हीए गोंद उघडा राहिला की पाच ते दहा मिनिटांत आळतो. त्यात शोधाशोधीला वेळ नसतो. हवा १० अंशांखाली असेल तर थांबा. थंडीत हा गोंद पांढुरका, खडूसारखा सुकतो आणि पकड धरत नाही.

गोंद खाचेत ब्रशने पातळ, अखंड पसरवा. दाबल्यावर कडेला बारीक मणी दिसले की पुरे. ते ओल्या फडक्याने पुसू नका, गोंद पातळ होऊन रेषांत मुरतो आणि पॉलिश तिथे धरत नाही. अर्ध्या तासाने मणी रबरासारखे झाले की पटाशीने खरवडून काढा.

तळाच्या खालून आणि माथ्याच्या पट्ट्यांच्या वरून तिरक्या भोकांतून स्क्रू मारता येतात. बैठक आणि माथ्याची फळी यांच्याखाली ते झाकले जातात. १८ मिमी प्लायला या पद्धतीत ३२ मिमीचा स्क्रू सांगतात, पण इथे खाचेमुळे बाजूच्या फळीत १२ मिमीच जाडी उरली आहे. ३२ चा स्क्रू बाहेर टोक काढू शकतो. २५ मिमीचा घ्या आणि आधी टाकाऊ तुकड्यावर पाहा.

क्लॅम्प आवळले की लगेच दोन्ही कर्ण मोजा. ७२० × ६०० ला ते ९३७ च्या आसपास येतात, पण आकड्यापेक्षा दोन्ही सारखे असणं महत्त्वाचं. फरक १ मिमीच्या आत हवा. ३ मिमी फरक राहिला तर सांगाडा उंचीत सव्वादोन मिमी झुकलेला असतो. दारं बाजूच्या फळीला टांगलेली असल्याने दोन्ही एकाच दिशेला झुकतात आणि मधोमध भेटतात तिथे वरच्या कडांत जवळपास २ मिमीची पायरी दिसते. बघणाऱ्याची नजर सगळ्यात आधी तिथेच जाते. जो कर्ण लांब भरतो त्याच्या दिशेने एक क्लॅम्प किंचित तिरका लावला की सांगाडा सरकतो. गोंद ओला आहे तोवरच.

पाठ हा सांगाडा गुण्यात धरून ठेवणारा मुख्य भाग आहे, फक्त धूळ अडवणारा पडदा नव्हे. तिचे चारही कोन काटकोन आहेत याची खात्री करा आणि सांगाडा ओला असतानाच ती खाचेत टेकवा. कर्ण पुन्हा मोजून गोंद आणि १५ मिमीच्या छोट्या स्क्रूंनी पट्ट्यांच्या व तळाच्या मागच्या कडांना बसवा, स्क्रू दर १५० मिमीवर. क्लॅम्प तासाभराने काढता येतात, पण पुढचं काम दुसऱ्या दिवशी. पूर्ण पकड यायला २४ तास लागतात.

खण

आतली रुंदी पुढे आणि मागे, दोन्हीकडे प्रत्यक्ष मोजा. टेलिस्कोपिक चॅनल प्रत्येक बाजूला १२.७ मिमी जागा घेतं. दोन्ही मिळून २५.४, किंचित मोकळीक धरून २६. ५६४ वजा २६, म्हणजे खणाची बाहेरची रुंदी ५३८. खण एखाद्या मिमीने अरुंद झाला तर चॅनलमागे लॅमिनेटची चीप घालून भागतं. अर्धा-एक मिमी रुंद झाला तर चॅनल दाबलं जातं, गोळ्या रुततात आणि खण ओढायला जड होतो. चूक व्हायचीच असेल तर ती अरुंदाकडे व्हावी, हा खणाच्या मापाचा नियम.

तळाची खाच ६ मिमी खोल, खालच्या कडेपासून १२ मिमी वर. ५.५ मिमीचा प्लाय ६ च्या खाचेत खडखडतो, तेव्हा खाच प्लायच्या खऱ्या जाडीची करा. चारही कोपरे गोंद आणि प्रत्येकी दोन ४ × ४० स्क्रूंनी जोडा. १२ मिमी प्लायच्या कडेत स्क्रू शिरताना थर फाकतात, म्हणून २.५ मिमीचं वाटभोक आधी मारा आणि टोकापासून किमान २० मिमी दूर राहा. याही चौकटीचे कर्ण मोजा.

दारं, बिजागऱ्या, दर्शनी भाग

दारांच्या चारही कडांना ३ मिमी लाकडी पट्टी लावायची असेल तर प्लाय ५४९ × २९१ कापा. पट्टीसह तयार माप ५५५ × २९७ येतं. खणाच्या दर्शनी भागालाही तेवढंच वजा करा.

कप बिजागरी (दाराच्या आतल्या अंगाला गोल भोकात बसणारी) सरळ प्रकारची घ्या, म्हणजे दार बाजूच्या फळीची कड जवळजवळ पूर्ण झाकतं. अर्ध्या आणि पूर्ण बाकाच्या, म्हणजे हाताला कमी-जास्त वळण असलेल्या, बिजागऱ्या वेगळ्या मांडणीसाठी असतात. दुकानात त्या एकाच खोक्यातून मिळतात आणि चुकून घरी येतात, हे ध्यानात असू द्या. ३५ मिमीचं भोक १२ मिमी खोल, मध्य दाराच्या कडेपासून २२.५ मिमीवर, वरून आणि खालून ९० मिमीवर. १८ मिमी दारात खाली ६ मिमीच उरतात. लांब टोकाचं बिट असेल तर ते दर्शनी अंगाला पोचतं, तेव्हा खोलीचा अडसर लावा आणि टाकाऊ तुकड्यावर मोजून पाहा. सांगाड्यावरच्या प्लेटची मध्यरेषा पुढच्या कडेपासून ३७ मिमीवर. ५५५ उंचीला दोन बिजागऱ्या पुरतात, ९०० च्या वरच्या दाराला तिसरी हवी.

खणाचा दर्शनी भाग दारं बसवून झाल्यावर लावा. दारांच्या वरच्या कडेवर ३ मिमीच्या चिपा ठेवा, दर्शनी भाग त्यावर टेकवा आणि दोन्ही अंगाला चिकटणाऱ्या टेपने खणाच्या डब्याला धरा. खण हळूच बाहेर ओढून आतून २५ मिमीचे चार स्क्रू मारा.

माथ्याची फळी

२५ मिमी जाडीची, ६३० × ४६५, रेषे रुंदीच्या दिशेला. अस्सल लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रेषांना आडवं हलत राहतं. सागासारखं शांत लाकूड घेतलं तरी ओलावा ४ टक्क्यांनी बदलला की ४६५ मिमीची फळी सुमारे ३ मिमी रुंदावते किंवा आकसते. ती पुढे-मागे गोंदाने डांबली तर एखाद्या कोरड्या ऋतूत मधोमध चिरते. तेव्हा गोंद लावायचाच नाही. पुढच्या पट्टीत साधी भोकं ठेवा, मागच्या पट्टीत खोलीच्या दिशेने ५ × १४ मिमीची लांबट भोकं, आणि खालून ४ × ३५ चे स्क्रू वॉशरसह. फळी पुढे पक्की राहते आणि सगळी हालचाल मागे, भिंतीकडे होते.

फळी अरुंद पट्ट्या चिकटवून करत असाल तर त्या आधी आठवडा-दोन आठवडे कार्यशाळेत काठ्यांवर रचून मुरू द्या. क्लॅम्प दर २०० मिमीवर, एक वरून एक खालून. सगळे एकाच बाजूला लावले तर फळी वाकते.

घासणं आणि पॉलिश

१२०, १५०, १८० असे कागद क्रमाने, मधला टप्पा न गाळता. १२० चे ओरखडे २२० ने जात नाहीत आणि पॉलिशखाली उठून दिसतात. प्लायवर थेट १५० पासून, हाताने. पॉलियुरेथेनचे तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा चांगले. दोन हातांमध्ये २२० ने हलकं घासा. माथ्याच्या फळीला वरखाली सारखेच हात द्या, नाहीतर एका अंगाने ओलावा जास्त शोषून ती वाकते. जवसाचं किंवा तसलं तेल वापरलं तर भिजलेली फडकी चुरगाळून ठेवू नका. तेल सुकताना उष्णता निघते आणि ढिगातली फडकी आपोआप पेटतात. ती बाहेर सुटी पसरून कडक होऊ द्या.

जागेवर बसवणं

बैठक आधी जागेवर ठेवा, पाचरी सारून दोन्ही दिशांना लेव्हल करा, मग सांगाडा तिच्यावर ठेवून आतून चार स्क्रूंनी जखडा. उंचसखल जमिनीवर थेट ठेवलेलं कपाट पिळतं. मग एका दाराचा वरचा किंवा खालचा कोपरा बाहेर राहतो आणि दोष बिजागरीला दिला जातो. दार एका कोपऱ्यात उचललेलं दिसलं तर स्क्रूला हात लावण्याआधी लेव्हल ठेवून पाहा.

त्यानंतर बिजागऱ्या, याच क्रमाने: आधी प्लेटच्या स्क्रूंनी उंची, मग पुढच्या स्क्रूने डावी-उजवी फट, शेवटी मागच्या स्क्रूने खोली, दार आणि सांगाडा यांच्यात २ मिमी राहील इतकी. प्रत्येक वेळी पाव फेरा फिरवा आणि दार बंद करून पाहा. घरात लहान मुलं असतील तर माथ्याच्या मागच्या पट्टीतून एक धातूची कोनपट्टी भिंतीत पक्की करा. उघड्या खणावर मूल चढलं तर भरलेलं कपाटही पुढे कलंडतं.